हेडफोन ॲम्पमध्ये वाद्यं वाजतात, गाणारीच गायब! ॲम्प गेला का?

लोकमान्यनगर_ते_बर्डी

मंडळी, एक विचित्र लोचा झाला आहे. माझ्याकडे एक छोटा पोर्टेबल हेडफोन ॲम्प (हेडफोनचा आवाज वाढवणारा डबा) आहे, काडेपेटीच्या दोन डब्या एकावर एक ठेवल्या की होईल तेवढा, ॲल्युमिनियमची बॉडी, आत लिथियमचा सेल, साडेतीन मिमीचे दोन जॅक, एक इन एक आउट, गेनचं (आवाज किती पट वाढवायचा त्याचं, हाय की लो) बटन आणि आवाजाची गोल खुंटी. दोन वर्षांपूर्वी मित्राकडून सेकंडहँड १८०० ला घेतला होता. हेडफोन २५० ओहमचे आहेत, फोनच्या डोंगलला (टाइप सीमध्ये खुपसून हेडफोनचा जॅक देणारा तुकडा) थेट लावले तर मेल्यासारखे वाजतात म्हणून हा उद्योग. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून सुटलो की लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचं आणि बर्डीपर्यंत गाणी, दिवसभरात तेवढाच काय तो आपला वेळ.

तर मागच्या आठवड्यापासून आवाज येतो पण पोकळ येतो, विहिरीत कोणी गाऊन राहिलं असा. आणि कान देऊन ऐकलं तर गाऊन पण नाही राहिलं! तबला आहे, व्हायोलिनं आहेत, मागचे कोरसवाले तर आधी कधी ऐकू आले नव्हते तेवढे स्पष्ट, पण मुख्य गाणारी बाई कुठेतरी तिसऱ्या खोलीत जाऊन बसली आहे. मला वाटलं फाइल खराब, दुसरं गाणं लावलं, तेच. मग बाबांची ती साठच्या आसपासची जुनी गाणी लावली तर ती ऐकूच येईनात, खुंटी पूर्ण फिरवली तरी डासाएवढा आवाज. बाबा म्हणे तुझ्या डब्याला जुनी गाणी आवडत नाहीत.

अजून सांगायचं म्हणजे ॲम्पच्या बॉडीला हात लावला की बारीक घूं येते. काल घरी लॅपटॉपवरून ऐकत होतो आणि ॲम्प चार्जिंगला पण लॅपटॉपलाच लावला तर बाई परत आली! मागे किर्र किर्र होती पण गाणं पूर्ण. फोनवरून ऐकताना भिंतीच्या चार्जरला लावला तर मात्र उलटंच, घूंऽऽऽ असा मोठा आवाज आणि बाई नाहीच. म्हणून मला वाटून राहिलं की बॅटरी गेली असावी, चार्जिंगवर बरा चालतो म्हणजे तेच ना? सेल बदलू की पूर्ण ॲम्पच गेला समजू?

बर्डीवाला_बंटी

बॅटरीच आहे भाऊ, डोळे मिटून सांगतो. आपल्या नागपूरच्या उन्हात लिथियमचं वाटोळं होते. हे सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचेच नसतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तेवढा असते, तू दुपारी गाडीच्या डिक्कीत ठेवत असशील तर विषयच संपला. माझी पॉवर बँक अशीच पुरीसारखी फुगली होती. उघडून बघ, सेल फुगला असेल तर टोचू-बिचू नको, सरळ काढून बाजूला ठेव.

सावजी_बेस

बंटी, बॅटरी उतरली की आवाज फाटते नाहीतर मधेच बंद पडते, गाणारी बाई एकटीच कशी जाईल बे? बॅटरीला काय माहीत कोण गाऊन राहिलं.

मूळ पोस्टवाल्याला विचारतो, तुझ्या हेडफोनच्या पिनवर काळे पट्टे किती आहेत? तीन असतील तर ती माईकवाली पिन आहे. आजकालच्या माईकवाल्या पिनमध्ये टोकापासून डावा, उजवा, मग ग्राउंड आणि सगळ्यात मागे माईक अशी रचना असते. ॲम्पचा जॅक साधा तीन कप्प्यांचा, त्याची ग्राउंडची पट्टी मागच्या भागावर टेकते म्हणजे माईकवर, आणि खरी ग्राउंड हवेत राहते. मला हे जुन्या म्युझिक सिस्टिमवर झालं होतं, इअरफोनचं माईकचं बटन दाबून धरलं की गाणं नीट आणि सोडलं की कराओके. कारण ते बटन दाबलं की माईक आणि ग्राउंड आतल्या आत जुळतात. तुझ्याकडे बटन असेल तर दाबून बघ, दोन सेकंदांत निकाल.

तर्री_मारके

हे सगळं करण्यापेक्षा एक ब्लूटूथवाला घे ना बावा. वायर, डोंगल, डबा, वर त्याचं चार्जिंग. मेट्रोत माणूस गाणी ऐकते का ऑपरेशन करते?

लोकमान्यनगर_ते_बर्डी

@तर्री_मारके २५० ओहमचे हेडफोन टाकून देऊ का मग? पहिल्या पगारातून घेतले आहेत.

@सावजी_बेस तुझं ऐकून आधी खूश झालो पण नाही गड्या, माझ्या पिनवर दोनच पट्टे आहेत, माईक-बिईक काही नाही. फोनचं टाइप सी डोंगल आणि त्यात थेट हेडफोन, असं लावलं तर आवाज बारीक पण बाई जागेवर आहे. म्हणजे हेडफोन आणि डोंगल दोन्ही चांगले ना? डोंगल ते ॲम्प जी वीतभर वायर आहे ती पण बदलून पाहिली, भावाच्या गाडीतली ऑक्सची वायर लावली, काही फरक नाही.

@बंटी चार स्क्रू काढून उघडला. सेल चपटाच्या चपटा आहे, फुगलेला नाही. ऑफिसमधून मल्टिमीटर आणला आहे, सेलवर ४.०८ व्होल्ट दाखवते.

बर्डीवाला_बंटी

४.०८ म्हणजे फुल्लच आहे राव, पूर्ण भरला की ४.२ असते. मग मी माघार घेतो. पण डिक्कीत ठेवू नको हे बरोबरच सांगितलं.

रेडिओवाले_काका

बाबू, तू पहिल्याच पोस्टमध्ये सगळं उत्तर लिहून ठेवलं आहे, फक्त शेवटी बॅटरीचं नाव घेऊन गडबड केली. मी महालात रेडिओ-टेप दुरुस्ती केली बरीच वर्षं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केलं, पण ही केस टेपच्या जमान्यात आठवड्याला एक तरी यायची. लोक वॉकमन घेऊन यायचे आणि म्हणायचे, काका हेड खराब झाला, बाईचा आवाज खाऊन राहिला. हेड नसायचा खराब.

आता नीट ऐक. स्टिरिओमध्ये डाव्या कानाला जाणारी तार वेगळी, उजव्याची वेगळी, पण परत यायची तार दोघांत एकच असते, तिला आपण ग्राउंड म्हणतो. ती परतीची तार कुठेही तुटली तर करंटला घरी जायला रस्ता राहत नाही, मग तो डाव्याने निघतो आणि उजव्याच्या वाटेनं परत जायला बघतो. आता गाणारी बाई रेकॉर्डिंगमध्ये मधोमध उभी असते म्हणजे तिचा आवाज दोन्हीकडे अगदी सारखा असतो. एकाच दाराला दोन्ही बाजूंनी दोघांनी सारखाच जोर लावला तर दार हलेल का? तसं होते. बाई दोन्हीकडून सारखी ढकलते म्हणून हलतच नाही. व्हायोलिनं एका बाजूला जास्त, कोरस दुसऱ्या बाजूला जास्त, तो जो फरक आहे तेवढाच तुला ऐकू येऊन राहिला. म्हणून कोरसवाले एवढे स्पष्ट.

आणि तुझ्या बाबांची गाणी का मेली ते तर पक्कंच. साठ सालची आपली बहुतेक गाणी मोनो. डावं-उजवं एकच, फरक काहीच नाही, म्हणून आवाज पण काहीच नाही. जो डास ऐकू येतो तो दोन बाजूंमधल्या बारीक उन्नीस-बीसमुळे. बाबांना सांग, डब्याला जुनी गाणी आवडत नाहीत हे निदान तुझ्या बॅटरीपेक्षा जवळचं होतं. मी स्वतः असं मशीन आलं की पहिले एक जुनं मोनो गाणंच लावायचो. मोनो मेलं आणि स्टिरिओ पोकळ म्हणजे परतीची तार, मीटर काढायचीही गरज नाही.

आता प्रश्न एवढाच की तुटली कुठे, हेडफोनकडच्या जॅकमध्ये की इनपुटकडच्या. ते पण तूच सांगितलं आहे. लॅपटॉपवरून गाणं आणि लॅपटॉपलाच चार्जिंग, तेव्हा बाई परत आली ना? बऱ्याच छोट्या ॲम्पमध्ये चार्जिंगच्या वायरचा निगेटिव्ह आणि गाण्याची ग्राउंड आत एकच असतात. म्हणजे ऑडिओ वायरमधून जी परतीची वाट बंद होती ती चार्जिंगच्या वायरीतून फिरून मिळाली, लॅपटॉप दोन्हीकडे एकच ना. पण त्याच वाटेनं लॅपटॉपचा सगळा कचरा पण येतो, ती तुझी किर्र किर्र. हेडफोनच्या जॅकची ग्राउंड तुटली असती तर चार्जिंगची वायर लावून घंटा काही झालं नसतं. भिंतीच्या चार्जरला गाणं देणाऱ्या फोनशी काही देणंघेणं नाही, म्हणून तिथे बाई येत नाही. उलट दोन पिनवाल्या चार्जरमधून बारीक करंट पाझरत असते, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावर उलटा हात फिरवला की मुंग्या येतात पाहा, तेच ते. ॲम्पची ग्राउंड हवेत लटकलेली असल्यावर ते करंट गाण्यातच घुसते. हात लावल्यावर घूं येते तेही त्याच कारणानं.

म्हणजे माझ्या हिशोबानं इनपुट जॅकच्या ग्राउंडचा डाग, म्हणजे बोर्डावरचा सोल्डरचा जोड, सुटला आहे. वायर तू बदललीच आहे. सेलची पिन काढ, ॲम्प बंद, दोन्ही जॅकमध्ये एकेक वायर खुपस आणि दोन्ही वायरींच्या मोकळ्या पिनांच्या सगळ्यात मागच्या भागावर मीटरच्या काड्या लाव, मीटर बीपवर ठेवून (दोन काड्यांमध्ये जोड असला की वाजते ते). बीप आली पाहिजे. आली नाही तर इनपुटची पिन जरा वरखाली हलव. आणि हो, हे साध्या साडेतीनच्या जॅकचं सांगितलं, ४.४ चा बॅलन्स्ड जॅक असता तर हा हिशोब लागू नाही, तिथे परतीच्या तारा दोन असतात. काही शहाण्या ॲम्पमध्ये परतीच्या वाटेवर पण एक वेगळा चॅनल बसवलेला असतो, तिथे ही बीप चांगल्या मशीनमध्येही येत नाही, पण तुझी लक्षणं पाहता ती भानगड नसावी.

सावजी_बेस

काका _/\_ दाराचं उदाहरण जपून ठेवलं.

एक विचारू का, हात लावल्यावर घूं येते म्हणाले ते, आमच्याकडे कूलर चालू असला की साध्या स्पीकरमध्ये पण घूं येते, तेही ग्राउंडच का?

रेडिओवाले_काका

तुमच्या कूलरचं मला माहीत नाही, आधी फॅनचा रेग्युलेटर बंद करून बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज कापून कापून पंख्याला देतो, त्याची घुरघुर वायरीत शिरते. पंखा पूर्ण पाचवर ठेवला की बऱ्याचदा कमी होते. इथे नागपुरात तर आकाशवाणीच्या नॅशनल चॅनलचा ट्रान्समीटर होता, १५६६ किलोहर्ट्झ, १००० किलोवॉटचा. ग्राउंड सुटलेला ॲम्प्लिफायर दुकानात आला की त्यात रात्री बातम्या ऐकू यायच्या, गिऱ्हाईक म्हणायचं काका यात रेडिओ पण आहे का. असो, विषय भरकटला.

लोकमान्यनगर_ते_बर्डी

काका!! बीप नाही आली. मग इनपुटची पिन वरच्या बाजूला ढकलली तर टीऽऽ, सोडली तर बंद. ढकलली, टीऽऽ. आई आतून म्हणे काय वाजवून राहिला.

बोर्ड बाहेर काढून फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून पाहिलं तर जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, बाकीच्या पायांवरचा डाग चकचकीत आणि त्याच्यावरच जणू कोणी बांगडी काढून ठेवली. हाच का तो? याचं कारण पण मला समजलं बहुतेक, मी ॲम्प बॅगच्या पुढच्या खिशात उभा टाकतो आणि इनपुटची पिन सरळ वर निघालेली असते, मेट्रोत बॅग मांडीवर घेऊन त्याच्यावर हात ठेवून बसतो मी. दोन वर्षं त्या पिनेवरच रेलून राहिलो म्हणजे.

बर्डीला मोदी नंबरच्या गल्लीत एकाला दाखवला, तो म्हणे बोर्डच बदलावा लागेल, १२०० होतील. मी परत आणला. ऑफिसमध्ये २५ वॅटचा कावीया (सोल्डरिंग आयर्न) आहे, स्वतः केलं तर जमेल का? याआधी फक्त शाळेत एकदा एलईडी जोडला होता.

रेडिओवाले_काका

हीच ती बांगडी. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसतो पण आतून सुटलेला डाग. बोर्ड बदलायची काही गरज नाही, एका डागाचं काम आहे.

जमेल, पण ग्राउंडचा पाय जिद्दी असतो हे ध्यानात ठेव. त्याच्या भोवती तांब्याचा मोठा पसारा असतो, तो सगळी उष्णता ओढून घेतो, आणि कंपनीतून येणारा डाग बहुतेक शिसं नसलेल्या सोल्डरचा, तो २१७ डिग्रीच्या आसपास वितळतो, आपला साधा ६०/४० वाला १८३ पासूनच नरम पडायला लागतो. म्हणून २५ वॅटचा कावीया नुसता टेकवून बसला तर जुना डाग ढिम्म हलणार नाही आणि तू दाबत बसशील, दाबलं की जॅकचं प्लॅस्टिक वितळते. त्यापेक्षा कावीया चांगला दहा मिनिटं तापू दे, टोक ओल्या स्पंजावर पूस, पायाला थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायची पेस्ट) लाव, टोकावर थोडं नवीन ६०/४० घेऊन पाय आणि बोर्ड दोघांना एकदम टेकव. नवीन सोल्डर जुन्यात मिसळलं की सगळं एकदम पाण्यासारखं चमकते, तेव्हा अजून थोडं सोल्डर दे आणि उचल. तीन-चार सेकंद. नाही झालं तर उचल, थंड होऊ दे, परत कर, पण एका दमात रेटू नको. बाकीच्या पायांना पण एकेक डाग देऊन टाक, ते पण त्याच बॅगेतून प्रवास करून आले आहेत.

सेलची पिन काढलेलीच ठेव, हे परत सांगतो. लिथियमचा सेल बोर्डावर असताना कावीया चालवणं म्हणजे सिलिंडरवर बसून बिडी ओढणं.

बर्डीवाला_बंटी

१२०० चं ऐकून माझं रक्त उसळलं. एका डागाचे.

लोकमान्यनगर_ते_बर्डी

झालं. पहिल्या वेळी कावीया टेकवला आणि काहीच झालं नाही, हात थरथरून राहिला होता, दुसऱ्या वेळी काका म्हणाले तसं एकदम चमकलं, अक्षरशः डोळ्यासमोर ती बांगडी गायब. माझा डाग सुंदर नाही, बोरासारखा फुगला आहे, पण बीप पक्की आहे, पिन कशीही हलवा. हेडफोन लावायची हिंमत होत नव्हती म्हणून आधी जुने ५० रुपयेवाले इअरफोन लावले. बाबांचं गाणं लावलं. बाबा शेजारी उभेच होते, त्यांनी एक कानातलं काढून घेतलं आणि पूर्ण अंतरा ऐकून मगच परत दिलं.

आता दोन बारीक शंका. एक, चांगले हेडफोन लावायच्या आधी काही मोजावं का? दोन, आवाज अगदी कमी ठेवला की डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी येतो, थोडा वाढवला की सारखं होते. हे मी बिघडवलं का?

रेडिओवाले_काका

शाब्बास. फुगलेला डाग चालतो, सुटलेला नाही चालत.

मोजायचं म्हणजे मीटर डीसीच्या २०० मिलिव्होल्टवर ठेव, ॲम्प चालू, गाणं बंद, आउटच्या जॅकमध्ये रिकामी वायर लावून पिनेच्या टोकावर आणि मागच्या भागावर काड्या, मग मधल्या कड्यावर आणि मागच्या भागावर. २० च्या आत आलं तर निवांत लाव, ५० पर्यंत मी चालवून घेतो, १०० च्या वर गेलं तर आपले आवडते हेडफोन लावायचे नाहीत, कॉइलमधून सतत डीसी जाऊन राहते. काड्या टेकवताना टोक आणि मागचा भाग एकमेकांना शॉर्ट करू नको, मी करून बसलो आहे.

दुसरी शंका, तू काही बिघडवलं नाही. खुंटीच्या आत दोन पट्ट्या असतात, डाव्याची एक उजव्याची एक, आणि स्वस्त खुंटीत सुरुवातीच्या भागात त्या दोघी एकमेकींशी जुळत नाहीत. तुझा गेन हायवर असेल बहुतेक. लोवर घे म्हणजे खुंटी जरा पुढे न्यावी लागेल आणि तो वाकडा भाग मागे राहील.

लोकमान्यनगर_ते_बर्डी

डावं ३, उजवं ५. गेन खरंच हायवर होता, लोवर घेतला, खुंटी आता अर्ध्यावर ठेवतो, दोन्ही कान सारखे. चार्जिंगला लॅपटॉपवर लावून ऐकलं की किर्र किर्र अजूनही थोडी येते, पण बारीक.

रेडिओवाले_काका

ती राहीलच. आता परतीच्या वाटा दोन झाल्या, एक ऑडिओची आणि एक चार्जिंगची, त्यात गोल फिरते ती. ऐकताना चार्ज करू नको, चार्ज करताना ऐकू नको. आणि ती पिन सरळ वर काढून बॅगेत ठेवणं बंद कर, काटकोनातल्या पिनेची वायर मिळते, ती घे.

लोकमान्यनगर_ते_बर्डी

घेतली काका, काटकोनवाली, आजच.

बर्डीवाला_बंटी

भाऊ तुझा हात बसला आहे आता तर माझ्याकडे पण एक डेकचा रिमोट आणि एक पोर्टेबल स्पीकर पडला आहे, स्पीकरमध्ये पण बाई गायब आहे. रविवारी घेऊन येऊ का? पोहे माझ्याकडून, तर्री वेगळी.

सावजी_बेस

बंटी, तुझ्या स्पीकरमध्ये बाईच नाही तर बासरी, ढोलक सगळंच गायब आहे, मी ऐकला आहे तो. त्याची खरंच बॅटरी गेली आहे.